सेंट ऑल्ड्रिकच्या भुवया

लायल हॉस्टेटलरला आयुष्यात एकच गोष्ट जमत नव्हती. ती म्हणजे एखादी गोष्ट आपल्याला जमत नाही हे कबूल करणं. बाकी सगळं जमत होतं. इंडियानातल्या एका लहानशा गावात तो गॅरेजचे दरवाजे विकायचा. त्याच्या दरवाजांमुळे गावातल्या निम्म्या गाड्या कायम बाहेर उभ्या असायच्या, कारण दरवाजा उघडत नसे. उरलेल्या निम्म्या त्याच कारणाने आत अडकलेल्या असायच्या.

असा हा लायल एका शनिवारी न्हाव्याच्या खुर्चीत बसून, अर्ध्या गालाला साबण असताना, साऱ्या दुकानाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "खेळायचं काम पोराचं. त्याला कॉलेजच्या संघात पोचवायचं काम माझं. माल नुसता चांगला असून भागत नाही, तो लोकांपुढे मांडता आला पाहिजे."

"दरवाजे मांडलेस तसा का?" न्हाव्याने विचारलं. न्हाव्याची स्वतःची गाडी तेव्हा आत होती.

ज्याला लायल माल म्हणत होता तो त्याचा मुलगा कोल्बी. बेसबॉलमधला डावखुरा पिचर, म्हणजे फलंदाजाला चेंडू टाकणारा, अंगाने सडपातळ, स्वभावाने शांत; हा आईवर गेला यात कोणालाच शंका नव्हती. चेंडू टाकायचा ताशी अठ्ठ्याहत्तर मैल वेगाने. हा वेग वाईट नाही आणि फार चांगलाही नाही. मोठ्या कॉलेजांचे कोच त्याहून दहा मैल जास्त मागतात, आणि लहान कॉलेजांच्या कोचना आपण आहोत हे आपणच कळवावं लागतं. आणि हा उन्हाळा शेवटचा होता. शाळेचं शेवटचं वर्ष सुरू झालं की कोच मंडळींच्या जागा भरून जातात, मग पोरगा हातमोजा माळ्यावर टाकतो आणि बापाबरोबर गॅरेजचे दरवाजे विकायला लागतो. कोल्बी फारसं बोलायचा नाही, पण जूनच्या सुरुवातीला एकदा जेवताना तो म्हणाला होता, "बाबा, मला अजून चार वर्षं खेळायचंय. कुठेही चालेल. अगदी बर्फात असलं तरी."

हे ऐकून लायलने हातातला घास खाली ठेवला. पोराने आजवर काही मागितलं नव्हतं, आणि मागितलं ते हे. मग लायल कामाला लागला. तो कामाला लागला की घरात सगळ्यांना धडकी भरायची.

आधी त्याने व्हिडिओ केला. सुरुवातीला ढगांचा गडगडाट, मग धूर, मग संथ गतीने धावणारा कोल्बी, आणि या सगळ्यात चेंडू टाकतानाचं एक दृश्य. शेवटी लायल स्वतः पडद्यावर येऊन खिशातून हात काढून सांगायचा की असा पोरगा तुम्हाला पुन्हा मिळायचा नाही. हा व्हिडिओ त्याने देशातल्या जेवढ्या कोचांचे पत्ते सापडले तेवढ्यांना पाठवला. सोबत वेग लिहिला ताशी पंच्याऐंशी. कोल्बीची आई मार्जीन म्हणाली की तो अठ्ठ्याहत्तरने टाकतो. लायल म्हणाला, "पत्र पोचेपर्यंत वाढेल."

उत्तरं भराभर आली. प्रत्येक कोचने 'प्रिय खेळाडू'ला कळवलं होतं की आम्ही तुमचा खेळ बारकाईने पाहिला, फार प्रभावित झालो, आणि आमच्या उन्हाळी शिबिरासाठी तुमची खास निवड केली आहे, फी सोबतच्या दुव्यावर भरावी. लायलने पहिली चार उत्तरं फ्रेम करायला काढली. पाचवं आलं तेव्हा मार्जीनने त्याच्या लक्षात आणून दिलं की हे कॉलेज फक्त मुलींचं आहे.

दुसरा कोणी असता तर इथे थांबला असता. लायलने फक्त पद्धत बदलली. तो एक-दोन स्पर्धांना जाऊन कोच मंडळींचं निरीक्षण करून आला. फलंदाजामागच्या जाळीला लागून ते घडीच्या खुर्च्या टाकून ओळीने बसतात, हातात चेंडूचा वेग मोजायची गन, गालात सूर्यफुलाच्या बिया, आणि कोणी कोणाशी बोलत नाही. पण एकाने गन उचलली की शेजारचा उचलतो. एक उठून दुसऱ्या मैदानाकडे गेला की बाकीचे सहज पाय मोकळे करायला म्हणून त्याच मैदानाकडे जातात. आपल्याला सोडून दुसऱ्याला हिरा सापडला तर, ही भीती त्या सगळ्यांच्या बिया कडू करत असते.

"मेंढरं आहेत," लायल घरी येऊन म्हणाला. "फक्त पुढचं मेंढरू आपलं पाहिजे."

हे मेंढरू त्याला घरातच मिळालं. मार्जीनचा धाकटा भाऊ व्हर्न. टक्कल, मोठं पोट, उन्हाने रापलेली मान. त्याच्याकडे बघून हा माणूस तीस वर्षं बाकावर बसून पोरांवर ओरडत आला असणार असं कोणीही म्हटलं असतं. प्रत्यक्षात व्हर्न कबरीवर लावायचे दगड विकायचा, आणि बेसबॉलमध्ये त्याला फक्त मधल्या सुट्टीत काय खायला मिळतं एवढंच ठाऊक होतं. पण धंद्यामुळे त्याला एक कला अवगत होती. गिऱ्हाईक रडत असताना तोंडातून चकार शब्द न काढता नुसत्या भुवया उंचावून मान हलवायची, की समोरचा आपोआप महागातला दगड घेतो.

लायलला नेमक्या त्या भुवया हव्या होत्या. त्याने निळ्या शर्टावर 'सेंट ऑल्ड्रिक कॉलेज' असं भरून घेतलं. असं कॉलेज पृथ्वीच्या पाठीवर नव्हतं. नावाखाली सिंह काढायचा होता, पण भरतकाम करणाऱ्या बाईकडे पिवळा दोरा कमी पडल्यामुळे त्याचं मांजर झालं.

"बोलायचं काही नाही," लायलने व्हर्नला बजावलं. "मी तुला ओळखत नाही, तू मला ओळखत नाहीस. पहिल्या सामन्यात नुसतं बसून राहा. दुसऱ्यात कोल्बी टाकायला आला की गनकडे बघ, भुवया वर कर, आणि फोन कानाला लावून महत्त्वाचं बोलल्यासारखं कर. बाकीचे आपोआप येतील."

"दाजी, खायला काही मिळेल का?" व्हर्नने विचारलं. डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितल्यापासून मार्जीन आणि व्हर्नची बायको डॉटी, दोघी मिळून त्याला कोबीच्या सूपावर ठेवत होत्या. माणूस हवालदिल झाला होता.

"काम झाल्यावर," लायल म्हणाला. मार्जीनला यातलं काही सांगायचं नाही असंही ठरलं, कारण तिने सगळं एका वाक्यात मोडीत काढलं असतं.

जुलैतल्या त्या रविवारी जिल्ह्याच्या मैदानावर सहा-सात कोच आले होते. व्हर्नने त्यांच्या शेजारी खुर्ची मांडली, बियांची मूठ गालात कोंबली आणि समोर बघत बसला. सगळ्यांच्या नजरा हळूच त्या मांजरावर गेल्या. सेंट ऑल्ड्रिक कुठे आहे हे कोणालाच माहीत नव्हतं, आणि तसं कबूल करायची कोणाची तयारी नव्हती. लायल मागे उभा राहून ऐकत होता. एक कोच दुसऱ्याला म्हणाला की यंदा त्यांचा संघ चांगला आहे. दुसरा म्हणाला की हो, पण पिचर म्हातारे झालेत. व्हेटस्टोन कॉलेजचा ऑस्ट्रँडर नावाचा पांढऱ्या मिशांचा कोच तर म्हणाला, "मैदान फार छान आहे हो त्यांचं." लायलला आनंदाने दोन ठिकाणी गुदगुल्या झाल्या.

इथवर सगळं योजनेप्रमाणे चाललं होतं. पण लायल एक गोष्ट विसरला. पोराला पुढे ढकलायला आलेला बाप मैदानावर एकटाच नव्हता. तिथे आलेला एकूण एक बाप त्याच कामाला आला होता, आणि त्यांच्यासोबत आया होत्या, आणि आयांसोबत डबे होते.

इतर कोच सगळ्यांच्या ओळखीचे होते, ते काही घेत नसत. हा नवा होता. पहिल्या डावात एक बाई सहज जाता जाता लिंबूसरबत ठेवून गेली आणि आपला मुलगा तिसऱ्या बेसवर उभा असतो असं हवेला सांगितल्यासारखं म्हणाली. व्हर्नने सरबत प्यायलं. माणुसकी म्हणून त्याने तिसऱ्या बेसकडे पाहिलं आणि भुवया उंचावल्या. शेजारच्या दोन गन वर झाल्या.

त्यानंतर रांगच लागली. डुकराच्या मऊ मांसाचं सँडविच आलं, त्यावर भुवया. पीचची भाजलेली मिठाई आली, त्यावर दोनदा भुवया. महिनाभर कोबीवर काढलेला व्हर्न देवाने पाठवलेलं समजून सगळं गिळत होता आणि ज्याने खाऊ घातलं त्याच्या पोराच्या दिशेने इमानदारीने कृतज्ञता व्यक्त करत होता. मग बारिएंतोस बाई आल्या. त्यांनी मक्याच्या पानात गुंडाळलेले गरम तामाले आणले होते. व्हर्नने पहिला खाल्ला आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. बाईंचा मुलगा रेने मधल्या जागेवर खेळत होता. पाणावलेल्या डोळ्यांनी व्हर्न त्याच्याकडे इतका वेळ, इतक्या उंच भुवयांनी बघत राहिला, की सगळ्या कोचांनी तिथल्या तिथे आपापल्या कॉलेजांना फोन लावले.

लायलचा जीव कासावीस झाला. भुवया आणल्या आपल्या पोरासाठी, आणि त्या लोकांच्या पोरांवर उधळल्या जात होत्या! पण जवळ जाऊन सांगणार कसं? आपली ओळखच नाही असं ठरवणारा तोच होता. त्याने लांबून खाकरून पाहिलं. हातवारे करून पाहिले. एका कोचला वाटलं हा माणूस एका संघाच्या गुप्त खुणा चोरून दुसऱ्या संघाला देतोय, आणि त्याने पंचांकडे तक्रार केली. पंचांनी लायलला समज दिली.

दुसरा सामना सुरू झाला आणि कोल्बी टाकायला उभा राहिला. त्याने जाळीमागे पाहिलं. आपला सख्खा मामा, अंगात अनोळखी शर्ट, मांडीवर रिकामे डबे, हातात बाबांची गन! तीच गन, जिने बाबांनी त्याचा, रस्त्यावरच्या गाड्यांचा आणि घरच्या कुत्र्याचाही वेग मोजला होता. कोल्बीला एका क्षणात सगळं कळलं. सतरा वर्षं त्या घरात काढलेल्या मुलाला कळायला वेळ लागत नाही.

सकाळपासून नाव काढलेल्या सेंट ऑल्ड्रिकची आता काय प्रतिक्रिया होते म्हणून सगळे कोच व्हर्नकडे बघत होते. कोल्बीने पहिला चेंडू टाकला. चांगला पडला. व्हर्नने भुवया उचलायचा प्रयत्न केला, पण नेमकं तेव्हाच सरबत, मांस, पीच आणि बारा तामाले यांची पोटात सभा भरली होती. त्याचा चेहरा आंबट झाला. दुसरा चेंडू त्याहून चांगला पडला. व्हर्नने डोळे मिटले, मान जोरजोरात हलवली, पोट दाबत उठला आणि चालू लागला. थोडं पुढे गेल्यावर तो पळू लागला.

सेंट ऑल्ड्रिकचे एवढे मोठे कोच, इतक्या बारकाईने बघणारे, आणि दोन चेंडूंत उठून गेले! पळत गेले!  मग एकेक गन खाली आली, एकेक खुर्ची मिटली, आणि सहजच पाय मोकळे करत सगळी मंडळी शेजारच्या मैदानावर निघून गेली. लायल जाळीला दोन्ही हातांनी धरून उभा राहिला. त्याला रडू येत होतं. समोर कोल्बी त्याच्या आयुष्यातला सगळ्यात चांगला खेळ खेळत होता, एकामागून एक फलंदाज बाद करत होता, आणि जाळीमागच्या ओळीत फक्त मक्याची पानं पडलेली होती. हे सगळं त्याच्या बापाने करून ठेवलं होतं, आणि ते त्या बापाला कळत होतं, हेच फार झोंबत होतं.

सामना संपला. लायल मान खाली घालून गाडीकडे निघाला तेव्हा समोरून पांढऱ्या मिशांचा ऑस्ट्रँडर आला आणि कोल्बी हॉस्टेटलरचे वडील तुम्हीच का, असं विचारू लागला. लायल सवयीने व्हिडिओच्या आवाजात हो म्हणाला.

ऑस्ट्रँडरने सांगितलेलं ऐकून लायलला खाली बसावंसं वाटलं. बाकीचे कोच गेले तेव्हा ऑस्ट्रँडरही निघाला होता. पण त्याला आधी संडासला जायचं होतं. मैदानाच्या टोकाला चालू असलेला संडास एकच, आणि त्यात सेंट ऑल्ड्रिक कॉलेज शिरून बसलं होतं. बाहेर पडायचं नाव नाही. तेव्हा ऑस्ट्रँडर नाइलाजाने तिथे पाय आवळून उभा राहिला आणि दुसरं काही बघायला नव्हतं म्हणून कोल्बीचे दोन डाव पाहिले.

"चेंडू बरा टाकतो," ऑस्ट्रँडर म्हणाला. "पण मी त्यासाठी नाही आलो. डावांच्या मधे तो सेंट ऑल्ड्रिकचा माणूस बाहेर आला, पांढराफटक. तुमचा पोरगा धावत आला, त्याला सावलीत बसवलं, पाणी पाजलं, ओल्या टॉवेलने मान पुसली. ज्याने दोन चेंडूंत सगळ्यांसमोर त्याचा अपमान केला, त्याची! तीस वर्षं पोरं घडवतोय मी. चेंडू टाकायला शिकवता येतं, हे नाही शिकवता येत. मला तो माझ्या संघात हवाय."

व्हेटस्टोन म्हणजे मिशिगनच्या पार उत्तरेला. तिथे एप्रिलमध्ये खोऱ्याने बर्फ ओढून मग सामना सुरू करतात. चार वर्षं, आणि बर्फातसुद्धा!  मग लायलमधला विक्रेता जागा झाला. "आमच्या घरचे संस्कारच तसे आहेत," तो नम्रपणे म्हणाला.

तेवढ्यात कोल्बी आला. त्याच्या खांद्यावर हात टाकून व्हर्न सावकाश पावलं टाकत होता. शर्टावरचं मांजर भिजलं होतं. लायलने ऑस्ट्रँडरच्या पाठीमागून पोराला डोळे मोठे केले, मान हलवली, ओठांवर बोट ठेवलं. ऑस्ट्रँडरने कोल्बीला सगळं पुन्हा सांगितलं, आणि अनोळखी माणसासाठी एवढं करणारं पोर आपण पाहिलं नाही असंही वर म्हणाला.

कोल्बीने टोपी काढली. त्याने एकदा बापाकडे पाहिलं. पोराला किती हवं होतं ते लायलला त्या नजरेत स्वच्छ दिसलं.

"सर, ते अनोळखी नाहीत," कोल्बी म्हणाला. "माझे मामा आहेत. कबरीचे दगड विकतात. सेंट ऑल्ड्रिक असं काही कॉलेज नाही. आणि मी पंच्याऐंशीने टाकत नाही, अठ्ठ्याहत्तरने टाकतो. एकदा एकोणऐंशी झालं होतं, पण वारा होता."

लायलला पहिल्यांदा धरणी दुभंगून आपण आत जावं असं वाटलं, आणि लगेच दुसऱ्यांदा असं वाटलं की हा पोरगा आपला आहे हे या साऱ्या मैदानाला ओरडून सांगावं. दोन्ही जमलं नाही. तो बुटांकडे बघत राहिला.

ऑस्ट्रँडर बराच वेळ मिशी चाचपत होता. त्याचा चेहरा हळूहळू लाल झाला. लायलला वाटलं आता हा ओरडणार.

"सकाळी मी तीन माणसांना सांगितलं," ऑस्ट्रँडर शेवटी हळू आवाजात म्हणाला, "की सेंट ऑल्ड्रिकचं मैदान फार छान आहे."

 व्हर्नने सवयीने, गिऱ्हाईकाच्या दुःखात सहभागी होत, भुवया उंचावल्या. ऑस्ट्रँडर आधी खोकला आणि मग हसायला लागला, इतका की त्याला पुन्हा संडासाकडे धाव घ्यावी लागली.

परत आल्यावर त्याने दोन गोष्टी सांगितल्या. एक, पोरगा त्याला आता आधीपेक्षा जास्त हवा होता. दुसरी अट होती, आणि ती पोराला नव्हती.

एव्हाना आयांच्या स्टॉलवर सॉसेज भाजून दमलेली मार्जीन तिथे पोचली होती. तिने भावाचा शर्ट पाहिला, नवऱ्याचा चेहरा पाहिला आणि काय झालं ते कोणालाही विचारलं नाही. "बारा तामाले?" बारिएंतोस बाईंकडून ऐकलेलं एवढंच तिने व्हर्नला विचारलं. मग कोल्बीला पोटाशी धरून ती बराच वेळ उभी राहिली.

पुढच्या वर्षी कोल्बी व्हेटस्टोनला गेला. रेने बारिएंतोसलाही ऑस्ट्रँडरने घेतलं, आणि पोरगा खरोखरच उत्तम निघाला. तेव्हापासून ऑस्ट्रँडर व्हर्नला मोठ्या सामन्यांना खास बोलावतो, जाळीमागे आपल्या शेजारी बसवतो आणि नव्या पोरांबद्दल त्याच्या भुवयांचं मत घेतो. बारिएंतोस बाई डबा आणतात. डॉटीला हे माहीत नाही.

लायल न्हाव्याच्या खुर्चीत बसून आजही सांगतो की आपली योजना शंभर टक्के यशस्वी झाली, योग्य माणूस योग्य जागी बसवला की काम होतंच. त्याची स्वतःची जागा कोणती, ते तो सांगत नाही. ऑस्ट्रँडरच्या अटीप्रमाणे त्याला जाळीच्या आसपास फिरकायची बंदी आहे. तो मैदानाच्या दुसऱ्या टोकाला, कुंपणापलीकडे, कानटोपी घालून एकटा उभा असतो. तिथून पोराचा चेहरा दिसत नाही, वेग तर नाहीच नाही. पण प्रत्येक डाव संपला की कोल्बी वळतो आणि नेमका त्या कोपऱ्याकडे बघून टोपी उंचावतो. लायल दोन्ही हात वर करून हलवतो, आणि त्याचे डोळे भरून येतात.

मग मागून कोणीतरी त्याच्या खांद्यावर टकटक करतं आणि विचारतं, "साहेब, तुम्ही संडासाच्या रांगेत आहात, की आम्ही पुढे जाऊ?"